केंद्राचं चालू नाव

सकाळी सहा वाजून तेरा मिनिटांनी निवेदकाच्या तोंडून केंद्राचं भलतंच नाव गेलं. "तुम्ही ऐकताय रेडिओ पहाटवारा," असं तो मोकळ्या, खुशीतल्या आवाजात म्हणाला, पाठोपाठ गाणं सुरू झालं, आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवता ठेवता त्याला वाटलं, खोलीत काहीतरी पडलं. त्यानं खुर्चीखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. मान वर केली तर काचेपलीकडे तंत्रज्ञ हातातला कप ओठांपाशी तसाच धरून बसलेला. या तंत्रज्ञाला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो एरवी गप्प असायचा आणि उडाला की सगळ्यांना अंधारात बसवायचा. मेलेला घरमालक बसथांब्यावर रांगेत उभा दिसल्यावर बघावं, तसा तो निवेदकाकडे बघत होता. "काय झालं?" निवेदकानं बटण दाबून विचारलं. "काय म्हणालास आत्ता?" "काय म्हणालो?" "पहाटवारा म्हणालास." "छे! काहीतरीच." "म्हणालास. रेकॉर्डिंगवर आहे. ऐकवू?" निवेदकानं घाईघाईनं नको अशी खूण केली. पहाटवारा बंद होऊन बावीस वर्षं झाली होती. त्यानंतर या केंद्रानं आणखी चार नावं घेतली होती आणि सध्याचं होतं आपुलकी. ते दिवसातून चाळीस वेळा घ्यायचं असा वरून हुकूम होता, आणि गेली तीन वर्षं निवेदक तो बिनबोभाट पाळत आला होता. मग आजच जिभेला काय धाड भरली?

त्यानं जीभ दातांवरून फिरवून पाहिली. सुजली नव्हती, जड नव्हती. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबासमोर त्यानं मोठा आ केला. पलीकडे फ्यूजला वाटलं, आता हा आणखी काही म्हणतोय, म्हणून त्यानं घाबरून माइक बंद असल्याची खात्री करून घेतली. अठ्ठावन्न पूर्ण. या वयात असंच सुरू होतं म्हणतात. आधी कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचा, मग माणसांची नावं जायला लागतात, मग एक दिवस माणूस आपल्याच बायकोला अहो बाई म्हणून हाक मारतो. पण हे विसरणं नव्हतं. विसरलेला माणूस चाचरतो, आणि तो तर चाचरला नव्हता. घर बदलल्यावरही पाय एखाद्या संध्याकाळी आपणहून जुन्या जिन्यापाशी नेऊन उभं करतात, तशी त्याची जीभ गेली होती. आणि तिथं कुलूपबिलूप काही नव्हतं, दार उघडं होतं. खरं सांगायचं तर ते नाव तोंडातून जाताना त्याला फार बरं वाटलं होतं. एवढी गोष्ट मात्र त्यानं फ्यूजला सांगितली नाही. गाणं संपत आलं. त्यानं हेडफोन चढवले, समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'आपुलकी' लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि शाळेत पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखं ते एकेक अक्षर चावून म्हटलं.

पहाटवारा काढला तो वखारवाल्यांनी. लाकडाच्या वखारीचे मालक, माणूस उंचापुरा, भुवयांत कायम भुसा. त्यांनी वखारीच्या माळ्यावर दोन खोल्या बांधल्या, भिंतींना गोणपाट ठोकलं, आणि रेडिओ सुरू केला तो एवढ्यासाठी की गावातल्या कुणाचं काय हरवलं, कुणाला काय झालं, कुणाकडे भाड्यानं खोली आहे हे सगळ्यांना कळावं. निवेदक तेव्हा एकोणतीस वर्षांचा. खाली करवत चालू असली की वरच्या टेबलावरचा पाण्याचा पेला चालायला लागायचा, म्हणून बोलण्याआधी त्याला एक दोरी ओढावी लागे. दोरीनं खाली घंटा वाजे आणि करवत थांबे. "दोन मिनिटांवर बोलू नकोस," वखारवाले बजावत, "माणसं रिकामी बसतात." त्यामुळे तो दोन मिनिटांत बोलायला शिकला. सात वर्षं त्यानं छत्र्या, किल्ल्या, कुत्री, चष्मे, एकदा तर एक अख्खी हातगाडी, हरवल्याचं आणि सापडल्याचं सांगितलं. गावातले लोक त्याला मास्तर म्हणायचे. मग वखारवाल्यांच्या फुप्फुसात भुसा साठला, मुलांनी वखार बंद केली, आणि केंद्र गाद्यांचा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी घेतलं.

हे गादीवाले गोल, गोरे आणि कायम थकलेले. त्यांनी नाव ठेवलं निवांत. दिवसभर मंद वाद्यसंगीत, अधूनमधून लाटांचे आणि पाखरांचे आवाज, आणि निवेदकानं फक्त कुजबुजायचं. कार्यक्रम पास करायची त्यांची पद्धत सोपी होती. ते स्टुडिओत आपल्याच कारखान्याची गादी टाकून आडवे व्हायचे. झोप लागली तर कार्यक्रम पास, टक्क जागे राहिले तर रद्द. निवेदकानं सहा वर्षांत त्यांना शेकडो वेळा झोपवलं. लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले. पण ते कुजबुजणं घरापर्यंत यायला लागलं. त्याची बायको दातांच्या कवळ्या बनवायची; मागच्या खोलीत तिचं कामाचं टेबल, मेण, प्लास्टर, कानस, आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. एका दुपारी ती साच्यात प्लास्टर ओतत असताना तो पाठीमागं येऊन तशा तलम आवाजात म्हणाला, "खांदे सैल सोड... श्वास आत घे..." तिचा हात हलला आणि एका निवृत्त मुख्याध्यापकाची वरची बत्तिशी वाकडी झाली. "अहो, माणसासारखं बोला ना!" ती ओरडली. तो दचकला. माणसासारखं म्हणजे कसं, असा प्रश्न त्याला तेव्हा पहिल्यांदा पडला आणि त्यानं तो लगेच झटकून टाकला, कारण साडेतीनला पाखरं होती.

गादीवाल्यांना स्वतःला झोप येईनाशी झाली तेव्हा त्यांनी केंद्र विकलं. घेतलं एका निवृत्त वकीलसाहेबांनी. नाव खणखणीत, गाणी बंद, दिवसभर वाद. दोन माणसं समोरासमोर बसवायची आणि विषय द्यायचा, आणि ऐन वेळी एक जण आला नाही तर त्याची बाजू निवेदकानं घ्यायची. एक जण नेहमीच यायचा नाही. अशी सहा वर्षं त्यानं कचराकुंड्यांच्या बाजूनं, कचराकुंड्यांच्या विरुद्ध, नव्या पुलाच्या बाजूनं, नव्या पुलाच्या विरुद्ध, आणि एकदा अनवधानानं एकाच तासात दोन्ही बाजूंनी वाद घातला. घरी बायको म्हणायची, "आज पाणी कमी आलं." तो म्हणायचा, "कशावरून?" ती म्हणायची, "पिंप अर्धंच आहे." तो म्हणायचा, "अर्धं भरलेलं आहे हे तुम्ही मान्य करता तर." ती त्याच्याकडे रोखून बघायची आणि आत जाऊन कुणाचे तरी दात घासत बसायची. त्यानंतर आले ते आतेमामेभाऊ, मोबाइलची दुकानं विकून आलेले, कायम च्युइंगगम चघळत असलेले. त्यांनी नाव ठेवलं धिंगाणा. निवेदक अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचं नाव ठेवलं रॉकेट. त्यानं उभं राहून बोलायचं, वाक्याच्या शेवटी ओरडायचं, आणि फोनवर कुणी काहीही सांगितलं तरी म्हणायचं, "अरे व्वा! आणखी काही खास?" त्याच वर्षी मेव्हण्याचा फोन आला की बाबा गेले. "अरे व्वा!" रॉकेट म्हणाला, "आणखी काही खास?" फोनच्या दोन्ही टोकांना जी शांतता पसरली ती गादीवाल्यांनीही पास केली असती. बायको पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही घरी आलाच नव्हता." ती रेडिओ कधीच ऐकत नसे. "एक घरात येतो तेवढा पुरे," म्हणायची. पण मालक बदलला की तिला आधी कळायचं. तो दारातून "आलो गं" म्हणाला, की ती आतून विचारायची, "विकलं का?"

आणि आता आपुलकी. दूरच्या एका शहरातल्या कंपनीनं साठ ठिकाणची साठ केंद्रं घेतली होती आणि साठांनाही हेच नाव दिलं होतं. कुणीच कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून असेल. इथं गाणी दुसरीकडून लागत, बातम्या तिसरीकडून येत, आणि निवेदकाचं नाव होतं होस्ट क्रमांक चौदा. दर आठ मिनिटांनी बारा सेकंद बोलायचं: केंद्राचं नाव, वेळ, तापमान. आवाज कसा हवा याचं दोन पानी पत्रक होतं. 'उबदार, पण जवळीक न साधणारा.' निवेदकानं तो आवाज तीन दिवसांत बसवला. आवाज बसवणं हे त्याला आता कपडे बदलण्याइतकं सोपं झालं होतं. अवघड एवढंच होतं की रात्री सगळे काढून ठेवल्यावर खाली काय उरतं ते त्यानं बरीच वर्षं पाहिलं नव्हतं.

सव्वासहाला पहिला फोन आला. "मास्तर? तुम्हीच ना?" म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. "सुरू झालं का परत? मग माझ्या छत्रीचं काय झालं?" निवेदकानं नम्रपणे विचारलं, कुठली छत्री. "काळी. लाकडी दांड्याची. तुम्ही दोनदा सांगितलंत आणि मग बंदच पडलात." साडेसहापर्यंत सात फोन झाले. एकाला खोली भाड्यानं द्यायची होती. एकाला फक्त खात्री करून घ्यायची होती की त्यानं बरोबर ऐकलं, कारण त्याची सून म्हणत होती, तुम्हाला भास होतो. "झाला असेल भास," निवेदक म्हणाला. "मग तुम्ही मास्तर नाही?" "आहे." "मग?" फ्यूज काचेपलीकडून खुणा करत होता की फोन ठेव, बारा सेकंद बोलायची वेळ झाली.

नऊ वाजता मॅडमनं बोलावलं. मॅडम म्हणजे कंपनीनं पाठवलेली समन्वयक. वय चौतीसपस्तीस, केस घट्ट बांधलेले, टेबलावर एक छोटं झाड, आणि चेहऱ्यावर सतत असा भाव की आत्ताच कुणीतरी आपल्याला पायरीवरून ढकलणार आहे. निवेदक तिला घाबरत असे. "हेड ऑफिसला कळलंय," ती म्हणाली. "इतक्यात? तिथं सहा वाजता कोण ऐकतं?" "माणूस नाही ऐकत. सॉफ्टवेअर ऐकतं. साठही केंद्रं." तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तिथं लाल अक्षरांत लिहिलं होतं: आपल्या ध्वनिलहरींवर 'पहाटवारा' या अज्ञात स्पर्धकाची घुसखोरी. "कायदा विभाग सकाळपासून या पहाटवाऱ्याचा मालक शोधतोय," मॅडम म्हणाली. "सापडायचा नाही," निवेदक म्हणाला, "ते वारले." मॅडमनं कपाळाला हात लावला. मग पाठ केल्यासारखं बोलली, "सर, तुमच्यावर कुणाचा राग नाही. पण त्यांचं म्हणणं, माणूस म्हटला की चुकणार. म्हणून तुमचा आवाज साठवायचा. दिवसातली प्रत्येक वेळ एकदा बोलून ठेवायची. रात्री बारापासून पुढच्या रात्री अकरा एकोणसाठपर्यंत. एक हजार चारशे चाळीस वाक्यं. शिवाय तापमानं, उणे पाचपासून." "इथं उणे पाच कधी होतं?" "साठ केंद्रांना एकच यादी आहे सर." "आणि मग?" "मग तुम्हाला रोज यायची गरज नाही." "म्हणजे मी नसेन?" "असं कसं? तुम्ही असालच," मॅडम म्हणाली आणि झाडाचं एक पिवळं पान खुडलं, "फक्त तुम्ही नसाल."

त्या दुपारी त्यानं दारातून "आलो गं" म्हटलं नाही. चपला काढून मुकाट्यानं मागच्या खोलीत जाऊन बसला. बायको कानस थांबवून म्हणाली, "कोण मेलं?" "कुणी नाही." "मग विकलं?" "नाही गं. मला रेकॉर्ड करताहेत." "ते तर नेहमीच करतात." "तसं नाही. एकदाच. सगळ्यासाठी." त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो आपुलकीच्या आवाजात सांगत होता, उबदार पण जवळीक न साधणारा, आणि ते त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. तिनं हातातली कवळी उजेडात धरून पाहिली. "मीपण हेच करते," ती म्हणाली. "पण माझ्याकडे येतात त्यांचे दात आधी पडलेले असतात."

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सुरू झालं. रोज दुपारी तीन तास, केंद्राच्या मागच्या लहान खोलीत, समोर फ्यूज, हातात यादी. बारा वाजून एक मिनिट. बारा वाजून दोन मिनिटं. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे चार ते सहाच्या मधली मिनिटं बोलताना त्याला खरोखरच डुलकी लागली आणि 'पाच वाजून सतरा' हे त्यानं इतक्या तलम आवाजात म्हटलं की फ्यूज म्हणाला, "अरे, हे निवांतचं झालं. परत घे." असं वारंवार व्हायला लागलं. सात वाजून पाच मिनिटं रॉकेटच्या आवाजात गेली, कारण धिंगाणाची आरोळी बरोबर तेव्हा असायची. 'नऊ वाजले' म्हणताना त्याचा सूर असा चढला की ते खोटं आहे असं कुणी म्हणून तर दाखवावं. प्रत्येक मिनिटाखाली एकेक मालक दबा धरून बसला होता. फ्यूज अठ्ठावीस वर्षं याच खोल्यांत होता, त्यामुळे त्याला आवाज ऐकला की पाटी दिसायची. पाट्या खरोखरच त्याच्याकडे होत्या. मालक बदलला की जुनी पाटी तो घरी न्यायचा. पहाटवाऱ्याचं त्यानं स्वयंपाकघरात कपाट केलं होतं, निवांत गच्चीच्या दाराला लावलं होतं, आणि धिंगाणावर त्याची सासू झोपायची. "आपुलकीचं काय करशील?" निवेदकानं विचारलं. "प्लॅस्टिकची आहे," फ्यूज तोंड वाकडं करून म्हणाला, "कशाच्याच कामाची नाही."

आठव्या दिवशी ते अकरा वाजून वीस मिनिटांवर अडले. निवेदकानं म्हटलं, "अकरा वाजून वीस मिनिटं," आणि फ्यूजनं यंत्र थांबवलं. "हा कुणाचा?" "काय कुणाचा?" "आवाज. पहाटवाऱ्याचा नाही, वकीलसाहेबांचा नाही. मला ओळखू येईना." निवेदकानं परत म्हटलं. परत तेच. मग त्याला आठवलं. एकदा, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, वखारीच्या जिन्यावरून एक मुलगी वर आली होती, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तो निवेदन वाचायलाच निघाला होता, दोरी ओढलेली होती, खाली करवत थांबलेली होती. तिनं रुमाल टेबलावर उघडला. आत कवळी. "बसच्या बाकावर सापडली," ती म्हणाली, "सांगा रेडिओवर. ओळख पटवून घेऊन जावी म्हणा." "ओळख कशी पटवायची?" त्यानं विचारलं. "चावून," ती म्हणाली. त्याला जे हसू फुटलं ते आवरेचना. ती गंभीर उभी, जणू यात हसण्यासारखं काय आहे. मग म्हणाली, मी हेच काम शिकते, ही माझ्या गुरुजींच्या हातची आहे, खालच्या दाढेला त्यांची खूण आहे. तो विचारत गेला, ती सांगत गेली. मेण कसं तापवायचं, लोक मापं देताना कसे रडतात, म्हाताऱ्यांना नवे दात आले की ते आधी सफरचंद कसं मागतात. भिंतीवरचं घड्याळ अकरा वीस दाखवत होतं, आणि सबंध गावात रेडिओवर काहीच लागलेलं नव्हतं. खालून वखारवाले ओरडले, "अरे मेलास का? माणसं रिकामी बसलीयत!" 'अकरा वाजून वीस मिनिटं' हे वाक्य फ्यूजनं त्यानंतर अकरा वेळा घेतलं. सॉफ्टवेअरनं अकराही वेळा परत पाठवलं: होस्ट क्रमांक चौदाशी जुळत नाही. "राहू दे," फ्यूज शेवटी म्हणाला, "अकरा वीसला कुणाला वेळ बघायचीय? अकरा एकवीस घे."

बाराव्या दिवशी ते दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांपर्यंत पोचले होते. निवेदक पाणी प्यायला बाहेर आला तर जिन्यात मॅडम बसलेली. मांडीवर ते झाड, केस सुटलेले. त्याला पहिल्यांदा वाटलं, ही दुसरीच कुणी बाई आहे. "काय झालं?" त्यानं विचारलं. "विकलं," ती म्हणाली. "आपलं केंद्र?" "साठही. आजच सही झाली. मला ईमेल आलाय. त्यात माझं नावसुद्धा चुकवलंय." आणि ती रडायला लागली. या बाईला आपण घाबरत होतो, हे आठवून निवेदकाला ओशाळल्यासारखं झालं. मग तो दोन पायऱ्या खाली उतरून तिच्या शेजारी बसला. "पहिल्यांदाच का?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. "माझी ही पाचवी," तो म्हणाला. "ऐका. आधी कप आणि हे झाड आजच घरी न्या, नाहीतर मोजदादीत जातं. तीन दिवस कुणी येणार नाही. चौथ्या दिवशी दोघं येतील, एक जण भिंतींचे फोटो काढेल आणि दुसरा विचारेल, इथं पूर्वी काय होतं? त्याला वखार सांगायची. सगळ्यांना आवडतं ते. कशालाही नाही म्हणायचं नाही, पण हो म्हणताना तारीख विचारायची. त्यांच्याकडे ती कधीच नसते." ती नाक पुसत ऐकत होती. "आणि मला काढलं तर?" "काढतील कदाचित," निवेदक म्हणाला. एवढं खरं इतक्या सरळपणे आपण कसं बोललो याचं त्याला नवल वाटलं. "पण ते त्यांना ठरवायला वेळ लागेल. तोपर्यंत तुम्ही चहा पिता का?" ती पीत होती असं निघालं. तीन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी पावणेसहाला फ्यूज कागद नाचवत आला. कायदा विभागाचं पत्र. आजपासून आपुलकी हे नाव उच्चारण्यास मनाई. "मग काय म्हणायचं?" "नवं नाव सोमवारी ठरणार." "आणि गाणी?" "ती त्यांच्या यंत्रावरून यायची. यंत्र बंद." "पत्रक? आवाज कसा ठेवायचा वगैरे?" फ्यूजनं कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा होता. "साठवलेली वाक्यं सोडू का?" तो म्हणाला. "दुपारी एक चाळीसपर्यंत दिवस निघेल. मधली अकरा वीस सोडून." निवेदकानं मानेनंच नको म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. सहाला दोन मिनिटं कमी. एकोणतीस वर्षांत हजारो वेळा तो या खुर्चीत बसला होता, आणि दर वेळी समोर कुठला तरी कोट टांगलेला असायचा, हात घातले की झालं. आज खुंटी रिकामी. लाल दिवा लागला. त्यानं तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. एक, दोन, तीन, चार सेकंद. काचेपलीकडे फ्यूज पांढरा पडला. त्याच्या मागं मॅडम उभी होती, तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. "नमस्कार," निवेदक म्हणाला. "सहा वाजले." पुन्हा थांबला. खिडकीतून खाली दिसत होतं तेच तो मग सांगायला लागला, कारण दुसरं काही जवळ नव्हतं. खाली जिथं वखारीचं आवार होतं तिथं आता गाड्या लावतात. एक गृहस्थ आपल्या गाडीची डिकी बंद करताहेत आणि ती बंद होत नाहीये. आता ते तिच्यावर बसले. नाही झाली. आता ते आजूबाजूला बघताहेत, कुणी पाहिलं का म्हणून, साहेब, पाहिलं. त्याचा आवाज खरखरीत येत होता, वाक्यं अर्धी तुटत होती, मध्येच तो विचार करायला थांबत होता. पहिला फोन आला तेव्हा त्याला वाटलं, आता तक्रार. "थांबू नका हो," एक माणूस म्हणाला, "मी भांडी घासतोय. डिकीचं काय झालं?" निवेदकानं वाकून पाहिलं. "दोरीनं बांधताहेत." "चांगलंय," तो माणूस म्हणाला, "मीही तेच केलं असतं."

बाराला तो घरी आला. दारात चपला काढल्या. "आलो गं," म्हणाला, आणि मागच्या खोलीतलं कानसेचं यंत्र थांबलं. तो तिथं गेला तर बायको तसंच यंत्र हातात धरून दाराकडे बघत होती, एखादी चाहूल ओळखू येतेय आणि येतही नाहीये अशी. "विकलं ना?" ती म्हणाली. "हो." "कुणी घेतलं?" "माहीत नाही. सोमवारी येतील." "नाव काय ठेवलं?" "नाही ठेवलं अजून." "मग आज काय बोललात?" "असंच. डिकीबद्दल." तिनं यंत्र टेबलावर ठेवलं. फळीवरचे जबडे ओळीनं ऐकत होते. मग तिनं सावकाश विचारलं, "कसं बोलायचं ते सांगितलंय कुणी?" "कुणीच नाही," तो म्हणाला, "सोमवारपर्यंत तरी नाही." तिनं हातावरचं प्लास्टर फडक्याला पुसलं. समोरच्या स्टुलावर कुणाची तरी अख्खी बत्तिशी सुकत ठेवली होती, ती उचलून खिडकीत ठेवली, आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "आज गुरुवार," ती बोटं मोजत म्हणाली, "म्हणजे चार दिवस आहेत. बसा. बोला."

तो बसला. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, त्याला काही कळेना. एकदम सगळंच दाटून आलं, जिन्यावरची मॅडम, ते चार सेकंद, सासरे, अकरा वीस. त्यानं पाठ ताठ केली आणि सवयीनं घसा खाकरला.

"खाकरू नका," ती म्हणाली. "तसंच."